निळ्या पिशवीतले मामा

श्याओ बोयेनला कोणी विचारलं की बाबा रे, तुला नक्की येतं काय, तर तो म्हणायचा, "मला शहर ओलांडता येतं." हे तो खुर्चीत बसून म्हणायचा, पाय टेबलावर टाकून. त्याने आणि यूझनने मिळून 'छप्परधाव' नावाचा व्हिडिओ गेम बनवायला घेतला होता. त्यात एक मुलगी तैपेईच्या जुन्या वस्तीतून पळते. गच्चीवरून गच्चीवर, पाइपावरून भिंतीवर, स्कूटरवरून खिडकीच्या जाळीवर. वस्ती बोयेनच्याच घराची होती. तिथली प्रत्येक पत्र्याची शेड आणि पाण्याची टाकी त्याने स्वतः संगणकात उतरवली होती.

"डोळे बांधून सोड मला," तो यूझनला सांगायचा. "भूदेवाच्या देवळापासून बाजारापर्यंत जमिनीला पाय न लावता जाईन."

"लिफ्ट बंद असली की तू ऑफिसला येत नाहीस," यूझन म्हणायची.

यूझन चित्रं काढायची, हिशेब बघायची आणि दोघांच्या वाटची काळजीही एकटीच करायची. या धंद्यापायी तिने चांगली कायमची नोकरी सोडली होती आणि तेव्हापासून तिचे वडील तिच्याशी बोलत नव्हते. आता सगळं एका जपानी कंपनीवर येऊन ठेपलं होतं. या कंपनीने गेम खेळायचं एक नवंकोरं यंत्र बनवलं होतं. ते अजून बाजारात आलं नव्हतं, कोणी त्याचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. त्यातलं एक त्यांनी या दोघांना वापरायला दिलं होतं. अटी दोनच. यंत्र ऑफिसबाहेर न्यायचं नाही आणि बाहेरच्या कोणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही. अट मोडली की यंत्र परत, करार रद्द, 'छप्परधाव'ला राम राम. उद्या सकाळी कंपनीचे हिरासेसाहेब खेळ बघायला आणि यंत्र तपासायला येणार होते.

आणि नेमकी आज एक उडी बिघडली होती. कबुतरखान्याच्या गच्चीवरून समोरच्या गच्चीवर जाताना ती मुलगी तांदळाचं पोतं फेकल्यासारखी पडायची. बोयेन दिवसभर तिला दुरुस्त करत होता. संध्याकाळ झाली तशी इमारतीच्या रखवालदाराने येऊन सांगितलं की रात्रभर वीज बंद, दुरुस्ती आहे. यूझन तेव्हा हिरासेसाहेबांसाठी अननसाचे केक आणायला गेली होती. जाताना ती दारातून परत येऊन म्हणाली होती, "यंत्र हलवायचं नाही. शब्द दे." बोयेनने शब्द दिला होता.

पण उडी तशीच ठेवून चालणार नव्हतं. मग त्याला एक नामी युक्ती सुचली. यंत्र खोक्यात घालून घरी नेलं तर लोक विचारतील, पाठपिशवीत ते मावत नव्हतं. त्याने ते महापालिकेच्या कचऱ्याच्या निळ्या पिशवीत घातलं आणि वरून गाठ मारली. संध्याकाळच्या वेळी तैपेईत निळी पिशवी घेतलेल्या माणसाकडे कोण बघतं? अर्धं शहर तीच पिशवी हातात धरून कोपऱ्याकोपऱ्यावर गाडीची वाट बघत असतं. सोन्याची वीटसुद्धा बिनघोर नेता येईल, असं त्याला वाटलं. स्वतःवर खूश होत तो जिना उतरला.

कचऱ्याची गाडी एव्हाना देवळाच्या कोपऱ्यावरून निघून गेली असेल, असा त्याचा हिशेब होता. गाडीला त्या दिवशी उशीर झाला होता.

तो कोपऱ्यावर आला तेव्हा माणसं पिशव्या घेऊन दाटीने उभी होती. गाडी येताना वाजवते ते गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू येत होतं. बोयेनने भिंतीला चिकटून निसटायचा प्रयत्न केला, पण फान मावशींनी त्याला गाठलंच. मावशींचं बाजारात मासळीचं दुकान. जन्म माशांच्या पेट्या उचलण्यात गेलेला. अख्ख्या वस्तीचं भलं करायचा मक्ता त्यांच्याकडे होता.

"बोयेन, आज तू? आईचा गुडघा धरला का परत?"

"नाही मावशी, म्हणजे हो. येतो मी, जरा घाई आहे."

"घाई आहे म्हणूनच म्हणते, मागे काय उभा राहतोस? असा लाजत राहिलास तर कचरा परत घरी घेऊन जाशील. आण इकडे."

"नको, मावशी, मी—"

पिशवी त्याच्या हातात होती आणि मग नव्हती. मावशींनी ती दोन माणसांच्या डोक्यांवरून फेकली. ती गाडीच्या मागच्या तोंडात अचूक जाऊन पडली. पुढच्या क्षणी तिच्यावर आणखी सात-आठ निळ्या पिशव्या येऊन आदळल्या.

बोयेनच्या तोंडून चहाची किटली उकळायला लागल्यासारखा आवाज आला.

"आभार कसले मानतोस," मावशी म्हणाल्या. "आईला सांग, गुडघ्याला आलं चोळ."

गाडी हलली. बोयेन तिच्यामागे धावला. गाडीच्या मागच्या पायरीवर नारिंगी जाकिटातली एक कामगार बाई उभी होती. एक हात दांड्यावर, दुसरा हात त्या खटक्याजवळ. खटका दाबला की वरचा पोलादी जबडा खाली येतो आणि सगळा कचरा चिरडून आत ढकलतो.

"ताई, थांबा. माझी पिशवी राहिली आत."

"आतच राहायची असते ती."

"मला परत हवीय."

बाईने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मी आयुष्य घालवलं या गाडीवर. माघारी मागणारा तू पहिलाच. काय आहे त्यात?"

"ते सांगता येत नाही."

"मग मलाही थांबता येत नाही. पुढच्या थांब्यावर लोक खोळंबलेत, मला कच्चं खातील. बाजाराच्या मागे ये, तिथे बघू."

"तोवर तो जबडा चालवू नका. पाया पडतो."

"भरलं की चालवावाच लागतो रे," बाई म्हणाली आणि गाडी वळून मोठ्या रस्त्याला लागली.

बोयेन दोन पावलं तिच्यामागे धावला. पण लगेच त्याला आठवलं, गाडी वळसा घालून जाणार. मोठा रस्ता, दोन सिग्नल, या वेळची गर्दी. आणि मधून सरळ गेलं तर बाजाराची मागची बाजू हाकेच्या अंतरावर. ही वाट आपणच तर बनवली. दिवसातून पन्नास वेळा आपण या वाटेने पळतो, बोटांनी. देवळामागची गल्ली, स्कूटरींची रांग, कबुतरवाल्या झान काकांची इमारत, गच्ची, उडी, बाजार.

तो देवळामागच्या गल्लीत घुसला आणि भिंतीसमोर येऊन उभा राहिला.

भिंत चांगली पुरुषभर उंच होती आणि वर फुटक्या बाटल्यांच्या काचा लावलेल्या होत्या. खेळात ही भिंत नव्हती. खेळणारे तिथे अडकून वैतागतात म्हणून बोयेननेच ती काढायला लावली होती. महापालिकेला तसं काही कळवलेलं नव्हतं.

तो उलटा फिरला. बाजूच्या बोळात स्कूटरी एकीला एक लागून उभ्या होत्या, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. खेळातली मुलगी एका हाताचा टेका देते आणि पलीकडे जाते. बोयेनने पहिल्या स्कूटरच्या सीटवर हात ठेवला, पाय उचलला. स्कूटर सावकाश कलली. तिने शेजारणीला बरोबर घेतलं, शेजारणीने तिसरीला, आणि मग ती सगळी रांग शेवटपर्यंत मोठ्या शिस्तीत आडवी झाली. पाच-सहा भोंगे एकदम केकाटायला लागले.

बोळाच्या टोकाला चहाचं दुकान होतं. दुकानातली सगळी माणसं पेले हातात धरून बाहेर आली.  नुसती बघत राहिली.

आता खेळातली मुलगी असती तर पळून गेली असती. पण तिला उद्या त्याच दुकानात चहा प्यायला जायचं नव्हतं. बोयेनने एकेक स्कूटर उभी करायला घेतली. प्रत्येकीबरोबर तो दुकानाकडे वळून वाकत होता, "माफ करा, चुकून झालं, माफ करा." इतक्यात लांबून गाडीच्या गाण्याची लकेर ऐकू आली.  आत्ता कोणीतरी तिच्यात पिशवी टाकत असेल. आत्ता ती भरत असेल.

शेवटच्या चार स्कूटरी तशाच सोडून तो झान काकांच्या जिन्याने वर धावला. पहिला मजला धावला, दुसरा चालला आणि पुढचे कठड्याला धरून ओढत नेले. गच्चीवर पोचला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. समोर कबुतरखाना, त्यापुढे कठडा, त्यापुढे ती फट आणि पलीकडे दुसरी गच्ची.

खेळात मजा यावी म्हणून त्याने ती फट चांगली रुंद करून ठेवली होती. खरी फट एका मोठ्या पावलाची होती. शाळकरी पोरं ती बोलता बोलता ओलांडत असतील. बोयेन कठड्यापाशी गेला, खाली पाहिलं आणि अलगद खाली बसला.

"उडी मारणार का?" कबुतरखान्यातून आवाज आला. झान काका दाण्याचा डबा घेऊन वाकून बाहेर येत होते. गच्चीवर त्यांची शर्यतीची कबुतरं आणि खाली कोपऱ्यावर भूदेवाचं देऊळ. दोन्हींची देखभाल तेच करायचे.

"विचार करतोय," बोयेन म्हणाला.

"मारायची तर हळू मार. उद्या शर्यत आहे, पाखरं बिथरतात." त्यांनी मूठभर दाणे टाकले. "पलीकडे जायचंय का तुला?"

"हो. लगेच. जीवनमरणाचा प्रश्न आहे, काका."

"मग दाराने जा की. खालच्या मजल्यावर दोन्ही जिने जोडलेले आहेत. तुझ्या लहानपणी जायचास तिथूनच."

ते दार बोयेनने खेळात घातलंच नव्हतं. दार दिलं तर उडी कशाला मारेल कोणी?

दारातून तो पलीकडे गेला, जिना उतरला आणि बाजाराच्या मागे बाहेर पडला. गाडी उभी होती. मागचं तोंड काठोकाठ भरलं होतं. माणसं शेवटच्या पिशव्या भिरकावत होती आणि कामगार बाईचा हात खटक्यावर होता.

"थांबा," बोयेन ओरडला. बाई थांबली की नाही हे बघायला तो थांबला नाही. तो गाडीच्या तोंडात कमरेपर्यंत शिरला.

पुढचा प्रसंग वस्तीत अजून सांगतात. कोणी म्हणालं, माणूस पडला. कोणी म्हणालं, पडला नाही, जीव देतोय. बोयेन आत दोन्ही हातांनी पिशव्या उपसत होता. सगळ्या निळ्या. सगळ्या सारख्या. "ती माझी आहे, तिला हात लावू नकोस," एक बाई मागून दरडावत होती. एका पिशवीतून कोळंबीची टरफलं त्याच्या कॉलरमध्ये गेली, दुसरीतून थंड रस्सा बाहीत. आणि मग तळाशी त्याच्या हाताला ती लागली. जड, चौकोनी आणि शाबूत. तो तिला छातीशी कवटाळून खाली उतरला. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं होतं.

त्याच्या मागे जबडा करकरत खाली आला आणि उरलेला सगळा कचरा गिळून गेला.

"आता सांग," कामगार बाई म्हणाली. "काय आहे त्यात?"

एव्हाना भोवती कोंडाळं झालं होतं. फान मावशी स्कूटरवरून आल्या होत्या, कारण बोयेनचा चेहरा त्यांना ठीक वाटला नव्हता. झान काका आले होते, कारण जीवनमरणाचा प्रश्न त्यांना अर्धवट सोडवेना.

"काही नाही, घरगुती वस्तू आहे," बोयेन म्हणाला.

"घरगुती वस्तूसाठी कोणी असं शिरतं का?" गर्दीतला एकजण म्हणाला. "चोरीची असेल. पोलिसांना बोलवा."

पोलीस म्हणजे पिशवी उघडणार. उघडली की संपलं. बोयेनच्या डोळ्यांपुढे यूझन उभी राहिली, केकचा डबा हातात घेतलेली. आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मामा आहेत."

"कोण?"

"माझे थोरले मामा. च्यायी गावचे." आता मागे फिरायची सोय नव्हती. "त्यांच्या अस्थी."

 कामगार बाई पायरीवरून उतरली, पुढे जाऊन ड्रायव्हरला काहीतरी म्हणाली आणि गाडीचं गाणं बंद झालं. गाणं मध्येच बंद झालेलं त्या वस्तीने कधी ऐकलं नव्हतं. लोकांनी हात जोडले.

"कचऱ्याच्या पिशवीत?" झान काकांनी हळूच विचारलं.

"त्यांचीच इच्छा होती," बोयेन म्हणाला. "फार साधे होते."

तेवढ्यात फान मावशींनी मोठ्याने हंबरडा फोडला. "मी फेकलं त्यांना. मी. नेम धरून फेकलं."

बोयेनने त्यांना समजावलं, मामांना राग येणार नाही, मामा दिलदार होते. जितकं समजावलं तितक्या त्या रडल्या. तो पिशवी घेऊन घराकडे निघू लागला, पण झान काकांनी त्याचा दंड धरला. असं घरी नेता येणार नाही, ते म्हणाले. गेलेल्या माणसाचा एवढा अपमान झाला, त्याला विचारल्याशिवाय घरात घेतलं तर घराला लागेल. आधी देवळात चल.

पिशवी मावशींनी घेतली. दोन्ही हातांवर, तान्हं बाळ घ्यावं तशी. मागे सगळी मंडळी. बोयेन त्या मिरवणुकीत नातेवाईक म्हणून सर्वांत पुढे होता. समोरून येणारे लोक बाजूला होऊन माना झुकवत होते.

भूदेवाच्या देवळात संत्री आणि बिस्किटांच्या पुड्यांच्या मधोमध निळी पिशवी ठेवली गेली. उदबत्त्या लागल्या. झान काकांनी दोन लाल लाकडी फाका काढल्या, चंद्रकोरीसारख्या, एक बाजू सपाट आणि एक फुगीर. त्या जमिनीवर टाकायच्या. एक सपाट, एक फुगीर पडली की देवाचा होकार. दोन्ही फुगीर पडल्या की नकार. दोन्ही सपाट पडल्या तर देव हसतो आणि प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

"मामा भाच्याबरोबर घरी जायला राजी आहेत का?" काकांनी विचारलं आणि फाका टाकल्या.

दोन्ही सपाट. देव हसला.

"मामांना राग आला आहे का?"

देव हसला.

"मामांना आणखी काही हवं आहे का? फळं? दारू?"

देव पुन्हा हसला. काकांनी फाका उचलून उलटसुलट करून पाहिल्या. "इतकं हसताना मी याला कधी पाहिलं नाही," ते पुटपुटले.

बोयेन काकांच्या कानाशी वाकला. "काका, होकार नाहीच मिळाला तर?"

"तर मामा इथेच राहतील. मागे कोणाचे तरी आजोबा महिनाभर होते. घाई करून चालत नाही."

महिनाभर. उद्या सकाळी हिरासेसाहेब येणार आणि यंत्र संत्र्यांच्या शेजारी बसून उदबत्तीचा धूर खात असणार. सांगून टाकावं का? पण सांगितलं तर अटीचा भंग इथेच, सगळ्यांसमोर. नाही सांगितलं तर भंग उद्या, यूझनसमोर. तो असा दोन्हीकडून घेरलेला असताना दाराशी गलका झाला आणि त्याची आई आत आली. गुडघा विसरून, एका पायात चप्पल आणि एका पायात मोजा. बातमी तिच्यापर्यंत कोणीतरी पोचवली होती.

"माझा दादा गेला," ती रडत म्हणाली, "आणि मला गल्लीत कळतंय?"

"आई," बोयेनने तिला कोपऱ्यात ओढायचा प्रयत्न केला. "आई, ऐक. मामा ठीक आहेत."

"ठीकच असणार," फान मावशी डोळे पुसत म्हणाल्या. "तिथे कसला आलाय त्रास."

"सकाळीच बोलले गं मी त्याच्याशी. लसूण पाठवतो म्हणाला होता. वहिनी एकटी काय करत असेल आता." आईने फोन काढला आणि वहिनीशी बोलायला म्हणून च्यायीचा नंबर लावला. तिला कमी ऐकू येत असल्यामुळे तिचा फोन कायम मोठ्या आवाजावर असायचा.

"काय गं," फोनमधून भरदार आवाज आला. "पोचला का लसूण?"

देवळातले सगळे जोडलेले हात एकदम खाली आले.

"दादा?" आई म्हणाली. "तू मेलास ना?"

"मी? कधी?"

आईने फोनकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि मग पोराकडे पाहिलं. पण झान काकांनी हात वर केला. "थांबा. फोनवर कोणीही बोलू शकतं." त्यांनी फाका कपाळाला लावल्या. "देवा, थोरले मामा जिवंत आहेत का?"

होकार. परत टाकल्या. होकार. तिसऱ्यांदा होकार.

"जिवंत आहेत," काकांनी जाहीर केलं.

"अरे, पण मी मेलो हे ठरवलं कोणी?" फोनमधून मामा विचारत होते. त्यांना उत्तर द्यायला कोणी मोकळं नव्हतं. सगळे बोयेनकडे बघत होते. फान मावशी उठल्या, पिशवीपाशी गेल्या आणि त्यांनी माशाचं पोट फाडावं तशी ती वरपासून खालपर्यंत फाडली.

उदबत्त्यांच्या धुरात, दिव्याच्या लाल उजेडात ते यंत्र उभं राहिलं. काळं, गुळगुळीत, कडांना बाक दिलेलं. सगळं जग ज्याची वाट बघत होतं आणि ज्याचा एक फोटो मिळावा म्हणून लोक वाटेल ते करायला तयार होते, ते यंत्र. बोयेनने डोळे मिटून घेतले.

"हा भाताचा कुकर आहे का?" मावशींचा आवाज आला.

"झाकण कुठाय याचं?" झान काका म्हणाले.

बोयेनने डोळे उघडले. "फोटो काढू नका, प्लीज," तो कळवळून म्हणाला.

"कशाचा?" कोणीतरी विचारलं.

मग त्याने सगळं सांगितलं. यंत्र नवं आहे, गुपित आहे, जगात अजून कोणी पाहिलेलं नाही. लोकांनी ते आणखी एकदा नीट पाहिलं.

"बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "दाखवण्यासारखं नाहीच ते."

मंडळी पांगली. जाताना प्रत्येकजण काहीतरी बोलून गेला. कोणी लाज काढली, कोणी अक्कल. चहावाल्याने चार स्कूटरी अजून आडव्या असल्याचं कळवलं. मामांचा अपशकुन धुवून निघावा म्हणून रविवारी च्यायीला जाऊन त्यांना डुकराच्या पायाच्या शेवया स्वतःच्या हाताने खाऊ घालायच्या, अशी शिक्षा आईने सुनावली. बोयेनला सगळं मान्य होतं. एकच गोष्ट त्याच्या मनाला लागली होती, आणि ती कोणाला सांगायचीही चोरी होती. इतक्या जणांच्या खिशात फोन होते. एकानेही फोटो काढला नाही.

सकाळी त्याने यूझनला सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने यंत्र उचललं, नाकाशी नेलं, "मासा," एवढंच म्हणाली आणि लिंबाच्या फोडीने ते पुसायला लागली. पुसून झाल्यावर म्हणाली, "त्यांना तू सांगणार की मी?"

"मी," बोयेन म्हणाला. कालच्या दिवसात तो इतकं खोटं बोलला होता की आता त्याच्यापाशी शिल्लकच नव्हतं.

हिरासेसाहेब वेळेवर आले. बारीक अंगाचे, पांढऱ्या केसांचे, अतिशय मृदू बोलणारे गृहस्थ. त्यांनी केक खाल्ला, खेळ खेळून पाहिला. गच्चीवरची ती उडी बोयेनने पहाटे वीज येताच ऑफिसात येऊन कशीबशी सावरली होती. आता मुलगी उडीआधी कठड्यावर थबकायची आणि खाली बघायची. "हे खरं वाटतं," साहेब म्हणाले. मग त्यांनी यंत्र हातात घेतलं, नाक किंचित आक्रसलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. "हे ऑफिसबाहेर गेलं नव्हतं ना?"

"गेलं होतं," बोयेन म्हणाला आणि त्याने अथपासून इतिपर्यंत सगळं सांगितलं. पिशवी, गाडी, मामा, देऊळ.  यूझन खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे पडले होते, आणि ते बघून बोयेनला जेवढं वाईट वाटलं तेवढं जबडा खाली येतानाही वाटलं नव्हतं.

"मला दुःख होतंय," हिरासेसाहेब म्हणाले. त्यांनी आपली मोठी बॅग उघडली आणि यंत्र तिच्यात ठेवायला घेतलं. "लोकांनी अगदी उघडं पाहिलं?"

"सगळ्या गल्लीने."

"काय म्हणाले?"

बोयेनने यूझनकडे पाहिलं. आता लपवून काय मिळणार होतं? "भाताचा कुकर आहे का, असं विचारलं."

साहेबांचे हात बॅगेवर थांबले.

"आणि झाकण कुठाय म्हणाले," बोयेनने प्रामाणिकपणे जोडलं.

हिरासेसाहेब खुर्चीत बसले.  मग त्यांनी कडेच्या त्या बाकावरून हळूच बोट फिरवलं. "बाहेरचा आकार माझा आहे," ते म्हणाले. "केस पांढरे झाले याच्यापायी. आमच्या इथे सगळे म्हणाले, पंख मिटलेल्या पक्ष्यासारखं दिसतं."

 बोयेनला त्यांना केक द्यावासा वाटला, पण त्याने तो दिला नाही.

"अहवालात घटना लिहिली," साहेब अखेर म्हणाले, "तर लोक काय म्हणाले तेही लिहावं लागतं. तसा नियम आहे." त्यांनी यंत्र बॅगेतून काढून टेबलावर ठेवलं आणि बॅग बंद केली. "कोणी पाहिलं नाही. तुम्हाला काही आठवत नाही, मलाही काही सांगितलेलं नाही."

'छप्परधाव' पुढच्या वर्षी त्या यंत्राबरोबरच बाजारात आला. पहिल्या दिवशी यूझनच्या वडिलांनी तिला फोन केला आणि उड्या मारायचं बटण कोणतं, ते विचारलं. यंत्र मात्र काळं राहिलं नव्हतं. शेवटच्या घटकेला कंपनीने आकार बदलला, असं म्हणत होते. आता ते पांढरं होतं, पुढून निमुळतं, वर एक उंच कमान. बाजाराच्या तोंडाशी त्याची भलीमोठी जाहिरात लागली. फान मावशी हातात मासा धरून तिच्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी बोयेनला हाक मारली.

"बोयेन, हे तुझे पिशवीतले मामाच ना?"

"हो, मावशी."

"बरं केलं बदललं ते," मावशी म्हणाल्या. "आता कसं, बघताक्षणी कळतं इस्त्री आहे म्हणून."

हिरासेसाहेबांचं दर नववर्षाला शुभेच्छापत्र येतं. वस्तीतली मंडळी कशी आहेत, असं ते त्यात न चुकता विचारतात. सगळे मजेत आहेत, एवढंच बोयेन कळवतो.